गोठ्यातले लग्नाचे जेवण

आपल्या बेटावर लग्न ठरले की हल्ली पहिला प्रश्न मुहूर्ताचा नसतो, हॉलचा असतो. हॉल मिळाला म्हणजे मग सजावट, जेवणाचा कंत्राटदार, छायाचित्रकार, व्हिडिओवाला, आणि शेवटी बँकेत कर्जाचा अर्ज. एका रात्रीच्या समारंभाचे हप्ते आईबाप चार-चार वर्षे फेडीत बसतात, अशी घरे आम्हांला ठाऊक आहेत, वाचकांनाही असतील. म्हणून थोडक्या पैशांत साठ माणसांना पोटभर जेवू घालणारे एक लग्न आम्ही जर्मनीत पाहिले, त्याची हकीकत आज या पानावर देत आहोत. लग्न आपल्याच मराठी घरातल्या मुलीचे होते. जेवण झाले ते एका शेतकऱ्याच्या गोठ्यात.

मुलीची आई म्हणजे आमची मावसबहीण. ती तिकडे वृद्धांच्या एका निवासात परिचारिका आहे. नवरा मुलगा जर्मन, विजेची कामे करणारा. दोघांनी काही पैसे साठवले होते, पण ते त्यांना घरासाठी हवे होते. जर्मनीत भाड्याने घर घेताना तीन महिन्यांच्या भाड्यापर्यंत अनामत रक्कम मागता येते. त्यात स्वयंपाकघर पुष्कळदा रिकामेच मिळते. चूल आणि कपाटेसुद्धा भाडेकऱ्याने आणायची. म्हणजे लग्नावर खर्च करायचा की घरात शिरायचे, असा सरळ प्रश्न होता. त्यांनी घर निवडले व लग्नाला जे उरेल त्यात बसवायचे ठरवले.

आमची मावशी, म्हणजे नवरीची आजी, वाक्वात राहते. तिला ही बातमी फोनवर कळली तेव्हा ती बराच वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "गोठ्यात? माझ्या नातीच्या लग्नाचं जेवण गोठ्यात? आणि पाहुण्यांनी आपापलं अन्न घेऊन यायचं?" या दोन प्रश्नांपैकी पहिल्याचे उत्तर सोपे आहे. दुसऱ्याचे तितके सोपे नाही.

जर्मनीच्या पश्चिमेस ऱ्हाइन नदीच्या काठी माइन्झ व वोर्म्स या शहरांच्या मधल्या मुलखास ऱ्हाइनहेसन म्हणतात. द्राक्षमळ्यांच्या क्षेत्राने हा जर्मनीतला सर्वांत मोठा वाईनप्रदेश. तिथल्या खेड्यांत घरे रस्त्याला लागून असतात. मोठे दार उघडले की आत फरसबंद अंगण, एका बाजूस राहते घर, समोर धान्याचे कोठार व कडेला गोठा. हे गोठे पाहण्यासारखे आहेत. 1830 च्या सुमारापासून तिथल्या शेतकऱ्यांनी आपल्या गाईंसाठी दगडी खांबांवर कमानीचे छत असलेले गोठे बांधले. गाई बारमाही बांधून खाऊ घालायच्या, तर त्यांच्या श्वासाची व मूत्राची दमट वाफ लाकडी छताला कुजवते; शिवाय वर गवत साठवलेले असल्याने आगीची भीती. दगडविटांच्या कमानीने दोन्ही अडचणी मिटल्या. आत उभे राहिले की एखाद्या लहानशा चर्चमध्ये उभे असल्यासारखे वाटते, म्हणूनच लोक त्यांना कूकापेले म्हणतात, म्हणजे गाईंचे देऊळ. पुढे विसाव्या शतकात त्या गावांनी गुरे सोडली आणि ती सगळी द्राक्षांच्या मागे लागली. गोठे रिकामे झाले. कोणी त्यांत पिंपे ठेवली, कोणी मेजे मांडली.

मावशीला आम्ही हे सांगितले तेव्हा गाईच्या देवळावर ती काही बोलली नाही. गाईच्या जागी जेवायला आपल्या माणसाने कमीपणा का मानावा, हा प्रश्न तिचा तिलाच पडला असावा.

असे गोठे आता फार मागणीत आहेत हेही सांगायला हवे. झुंबरे टांगलेल्या, पांढऱ्या रंगाने चकचकीत केलेल्या गोठ्याचे एका संध्याकाळचे भाडे हॉलच्या बरोबरीने असते, कधी जास्तही. साधेपणा विकत घेऊ गेले तर तो महाग पडतो. आमच्या भाचीने वेगळा मार्ग धरला. तिने सजवलेला गोठा शोधला नाही, चालू शेत असलेला ओळखीचा शेतकरी शोधला. त्याच्या अटी अशा होत्या: वाईन व द्राक्षांचा रस त्याच्याकडचाच घ्यायचा, द्राक्षतोडणी भरात येण्यापूर्वी, सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात कार्य उरकायचे, पेंढ्याजवळ मेणबत्ती लावायची नाही, रात्री दहानंतर आवाज नाही, आणि जागा बेझेनराइन परत करायची. हा शब्द तिकडच्या भाडेकरारांतही असतो. त्याचा अर्थ झाडूने झाडलेले. पुसून चकचकीत करायला नको, पण केर दिसता कामा नये.

त्या मुलखातल्या शेतकऱ्याला अंगणात पाहुणे बसवण्याची सवय जुनीच आहे. दारावर हिरव्या डहाळ्यांचा जुडगा टांगला की समजावे, आज येथे घरची वाईन व साधे खाणे मिळेल. याला श्ट्राउसविर्टशाफ्ट म्हणतात. काही भागांत डहाळीऐवजी झाडू टांगतात. या प्रथेचा उगम सम्राट शार्लमेनच्या सुमारे इसवी सन 800 च्या एका फर्मानात आहे, असे लोक अभिमानाने सांगतात. त्याचा एक राजवाडा याच मुलखात इंगेलहाइमला होता. उगम काहीही असो, आजचा नियम आम्हांला फार शहाणपणाचा वाटला. खानावळीचा परवाना लागत नाही, पण वर्षात चारच महिने, तेही जास्तीत जास्त दोन तुकड्यांत, चाळीसपेक्षा अधिक बैठका नाहीत, वाईन स्वतःच्या मळ्याची आणि पदार्थ साधेच. म्हणजे शेतकऱ्याने मोठे हॉटेल असल्याचा आव आणायचा नाही, असे कायद्यानेच सांगून ठेवले आहे! तिथे जाणाऱ्यालाही बाकावर बसून पाव-चीज खाण्यात कमीपणा वाटत नाही. आमच्या मते तिकडच्या स्वस्त मेजवानीचे मूळ येथे आहे. यजमानाने काय द्यायचे व पाहुण्याने काय अपेक्षावे, याची मर्यादा दोघांनाही आधीपासून माहीत असते.

आता हिशेबाकडे वळू. शिक्षकाला हिशेब टाळता येत नाही.

बसण्यासाठी तिकडे घडीचे लाकडी मेज व दोन बाके असा संच भाड्याने मिळतो. मेज 2 मीटर 20 सेंटिमीटर लांब व अर्धा मीटरच रुंद. एका संचावर आठ माणसे बसतात. साठ माणसांना आठ संच पुरले. मेज इतके अरुंद की समोरच्याचे बोलणे कान न देताही ऐकू येते, आणि प्रत्येकाला वेगळे वाढायची सोय नाही. मधोमध थाळे ठेवायचे व एकमेकांकडे सरकवायचे. पाणी व इतर पेये दुकानदाराकडून परतीच्या बोलीवर आणली: जे खोके फोडले नाही ते परत, पैसे फक्त प्यायलेल्याचे. त्यामुळे कमी पडेल या भीतीने दुप्पट आणण्याचा आपल्याकडचा रोग तिकडे खिशाला बाधत नाही. बाटल्यांवर अनामत असते ती रिकामी बाटली दिली की परत मिळते; एकदाच वापरायच्या डबा-बाटल्यांवरही 2003 पासून ती सक्तीची आहे. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मुले बाटल्या गोळा करण्यासाठी भांडत होती ती यामुळेच.

थाळ्या-वाट्यांसाठी त्यांनी जे केले ते आपल्या गावच्या मंडळांनी जरूर विचारात घ्यावे. तिकडे पुष्कळ नगरपालिका व संस्था गेशिरमोबील नावाची गाडी भाड्याने देतात. मोटारीमागे जोडायची एक पेटीवजा गाडी. तिच्यात चिनी मातीच्या बशा, काटेचमचे, पेले आणि भांडी धुण्याचे यंत्र. कागदाच्या थाळ्यांचा ढीग टाळावा हा तिचा मूळ हेतू. वीज व पाणी जोडले की काम सुरू.

फुले शेतातून आणली. गावाबाहेर रस्त्याच्या कडेला शेतकरी सूर्यफुले, डेलिया, ग्लॅडिओलस यांचे वाफे लावून ठेवतात. शेजारी एक चाकू, भावाची पाटी व पैशांची पेटी. राखणदार नाही. आपण फुले कापायची, मोजायची व पेटीत पैसे टाकायचे. आम्ही तेथे थोडा वेळ उभे राहिलो. एक म्हातारा सायकलवरून आला, पाच फुले कापली, नाणी मोजून टाकली व निघून गेला. ती फुले जुन्या दुधाच्या कॅनमध्ये व मुरंब्याच्या बरण्यांत मांडली, आणि सजावटीचे काम तिथेच संपले.

जेवणाचा मुख्य पदार्थ होता बटाट्याचे सूप आणि त्याबरोबर आलुबुखाराचा केक. वाचकांनी नाक मुरडू नये. ऱ्हाइनहेसनमध्ये बटाट्याला ग्रुम्बेरे म्हणतात, आणि सप्टेंबरात निळ्या आलुबुखारांचा हंगाम आला की खारट सूपबरोबर हा आंबटगोड केक खाण्याची तेथील जुनी रीत आहे. पुरणपोळी आणि कटाची आमटी एकत्र खाणाऱ्या आपल्या माणसांना ती समजायला वेळ लागू नये. बारा किलो बटाटे, गाजर, लीक, सेलरीचे कंद व भाजीचेच पाणी. मांस खाणाऱ्यांसाठी सॉसेज वेगळ्या भांड्यात गरम करून ठेवले, सूपमध्ये घातले नाही. त्यामुळे एकाच पातेल्यात सर्वांचे भागले. केक मोठ्या पत्र्यावर भाजतात: खमीर घातलेली कणीक पसरायची, त्यावर अर्धी केलेली फळे ओळीने दाटीवाटीने लावायची. शिवाय सालासकट उकडलेले बटाटे व क्वार्क. क्वार्क म्हणजे आपला चक्काच म्हणा, फक्त गोड न करता कांद्याची पात व मीठ घालून खातात. त्यातच मऊ चीज, कांदा व पाप्रिका मिसळली की माइन्झकडचे श्पुंडेकेस होते. हे सर्व स्वस्त, पोटभरीचे, आणि आदल्या दिवशी करून ठेवण्यासारखे.

आपल्या बाजूने मावसबहिणीने दालपुऱ्या केल्या व कोबी-गाजराचे मोहरी-हळद लावलेले झासार लेगिम. झासार संपले, श्पुंडेकेस उरले. हे लिहिण्याची गरज नव्हती, पण लिहिल्यावाचून राहवत नाही.

बाकीचे पदार्थ पाहुण्यांनी आणले. निमंत्रणातच लिहिले होते की भेटवस्तू नको, त्याऐवजी एक सॅलड किंवा एक केक आणा. आणि कोण काय आणणार याची यादी नवऱ्या मुलाच्या बहिणीने ठेवली होती. यादी नसेल तर सात घरांतून बटाट्याचे सॅलड येते, असे ती म्हणाली. तिकडे हा विनोद सर्वांना कळतो.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी आणखी एक प्रकार झाला, त्याने मावशी खरोखर दुखावली. ती आमच्याबरोबर आली होती हे सांगायचे राहिले. जर्मनीत लग्नाआधी पोल्टरआबेंड करतात. शेजारी व मित्र निमंत्रण नसतानाही जुन्या बशा, कप, फुलदाण्या घेऊन येतात आणि वधूवरांच्या दारात फोडतात. काच फोडायची नाही, ती अशुभ. चिनी मातीच्या तुकड्यांनी मात्र भाग्य येते असा समज. मग वधूवरांनी दोघांनी मिळून तो खच झाडायचा. आपल्याकडे मडके कधी फुटते हे सांगायला नको. पहिली बशी फुटली तशी मावशी उठून आत गेली. भाची मागोमाग गेली व म्हणाली, "आजी, ते आपलं नाही, त्यांचं आहे. तू पाहू नकोस." मावशीने पाहिले नाही. पण दोघे मिळून झाडताना तिने खिडकीतून पाहिले, आणि जावई केरसुणी धरतो कशी यावर तिचे मत नंतर आम्हांला ऐकावे लागले.

आता दुसरा प्रश्न. पाहुण्याला अन्न आणायला सांगणे हे आपल्या रीतीत बसते का?

आम्ही मावशीला तिच्याच लग्नाची आठवण करून दिली. त्या वेळी हॉल कुठे होते? आळीतले पुरुष बांबू तोडून आणीत व अंगणात सालवेर्त बांधीत. पाने लावून ती सजवीत. देग एकाची, पाट दुसऱ्याचे. आदल्या रात्री बायका भोपळे व वांगी चिरायला बसत व पहाटेपर्यंत गाणी चालत. केळीची पाने परसातली. सात भाज्यांचे जेवण शे-दोनशे माणसांना मिळे, आणि नवरीचा बाप मळ्यावर काम करणारा साधा मजूर असे. तो खर्च एकट्याने करीत नव्हता. मग आणि हे यांत फरक काय?

मावशी म्हणाली, "फरक आहे. आमच्या वेळी न सांगता आणीत. सांगायला लागलं म्हणजे ते मागणं झालं."

हे उत्तर आम्हांला विचार करायला लावणारे वाटले. खरेच, एका आळीत राहणाऱ्यांना सांगावे लागत नाही. कोणाकडे देग आहे व कोणाचे केळीचे झाड पानांना आले आहे हे सर्वांना ठाऊक असते. पण त्या गोठ्यातले साठ पाहुणे निरनिराळ्या गावांतून आले होते. काही वाराचे मित्र, काही वधूच्या कामावरचे, अर्धे एकमेकांना न ओळखणारे. तिथे यादी नसती तर मदत करायची इच्छा असूनही हात रिकामेच राहिले असते. आपल्या बेटावरही आळ्या आता तशा राहिल्या नाहीत. म्हणून स्पष्ट सांगणे भाग आहे, आणि त्यात लाज नाही, असे आमचे मत. मावशीचे मत अजून तेच आहे.

महाराष्ट्रातही ही गोष्ट दोन्ही अंगांनी दिसते. थंडीत ज्वारीचे कणीस कोवळ्या दाण्याचे झाले की शेतकरी आप्तेष्टांना हुरडा खायला बोलावतो. शेतात आगटी पेटवायची, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसे भाजायची, गरम गरम तळहातावर चोळायची, आणि लसणाची चटणी, गूळ, दही यांबरोबर खायची. यजमानाचा खर्च जवळजवळ नाही. पाहुणे येताना मुलांना खाऊ आणतात. रायगडकडे वालाच्या शेंगांची पोपटी लावतात, भांबुर्डीचा पाला घालून, मडके पालथे ठेवून. जर्मनीतही बटाटे काढून झाले की वाळलेला पाला शेतातच पेटवून त्या राखेत बटाटे भाजण्याची रीत होती. मुले त्या कामाला लागत म्हणून शरद ऋतूतल्या शाळेच्या सुटीला बटाट्याची सुटी म्हणत. आता हुरड्याला शहरी माणसे तिकीट काढून जातात. महाराष्ट्र सरकारने 2020 साली कृषी पर्यटनाचे धोरण मंजूर केले. शेतकऱ्याला त्यातून चार पैसे मिळतात ते आम्हांला आनंदाचेच आहे. परंतु तिकिटाच्या हुरड्याला पाहुणा म्हणता येत नाही, तो गिऱ्हाईक झाला.

एका गोष्टीबद्दल मात्र सावध राहावे. पैसा वाचतो तो श्रमाने, आणि ते श्रम कोणाचे, हे आधी ठरले पाहिजे. आपल्या सालवेर्तीच्या गोड आठवणी सांगताना पुरुष सहसा हे विसरतात की पहाटेपर्यंत भाजी चिरणाऱ्या बायका दुसऱ्या दिवशीही चुलीपाशीच होत्या. त्या गोठ्यात बटाटे सोलायला वराचे चार मित्र बसले होते, आणि भांड्यांच्या गाडीवर पाळी लावलेला कागद चिकटवला होता. त्यावर वराच्या वडिलांचेही नाव होते. मावशीने मागून सुरी घेतली ती स्वखुशीने, कारण त्यांचे सोलणे तिला पाहवेना.

संध्याकाळी अंगणात लोखंडी जाळीत शेकोटी केली, गावच्या कार्यालयात विचारून. आमच्या भाच्याने मॉरिशसहून आणलेले रवान तिच्यावर धरून कातडे तापवले, आणि जर्मन पाहुण्यांना वाटले की हा तो भाजून खाणार! थोडा वेळ सेगा झाला, थोडा वेळ त्यांचा अकॉर्डियन. दहाला वाद्ये बंद. लोक तरीही बाकांवर बसून हळू आवाजात बोलत राहिले.

आपल्याकडे असे करायचे तर मे ते ऑक्टोबरचा काळ बरा. पावसावादळाच्या महिन्यांत उघड्यावर भरवसा नाही. गोठा नसला तरी अंगण आहे, शाळेची किंवा मंडळाची जागा आहे. बांबू अजून मिळतो. सालवेर्त बांधता येणारी माणसे मात्र प्रत्येक गावात दोन-तीनच उरली आहेत व ती साठीच्या पुढची आहेत. ज्या घरी येत्या वर्षी कार्य असेल त्यांनी अशा एखाद्या काकांना आत्ताच गाठावे आणि घरातल्या चार मुलांना गाठी शिकायला त्यांच्याकडे पाठवावे. मेज व बाके मंडळाने एकदा करून ठेवली तर दहा लग्नांना पुरतील. आणि शेकोटी करायची असेल तर उसाच्या शेतापासून दूर, पाण्याच्या दोन बादल्या जवळ ठेवून.